शाळकरी मुलांना भूकंपाबद्दल कसं आणि कधी शिकवावं? लहान मुलं उगाच घाबरणार नाहीत का?

मुलगी तिसरीत आहे म्हणताय, म्हणजे उशीरच झाला. तुम्ही पुण्याहून दापोलीला बदलून आलात, पुण्याच्या शाळेत भूकंपाची कवायत व्हायची, इथे होत नाही आणि सासूबाई म्हणतात, पोरीच्या डोक्यात कशाला भरवता. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पोरीला खुशाल शिकवा. मी चिपळूण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, आता निवृत्त आहे. काय करायचं ते ठाऊक असलेलं पोर मोठ्यांपेक्षा शांत राहतं, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या शाळेतही एक गुरुजी कवायतीच्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं, भूकंप येतो तो रात्री, शाळा तेव्हा बंद. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा पहाटे चारनंतर, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. दोन उदाहरणं मिळाली की आपल्याकडे नियम तयार! भूजचा २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊला झाला. अंजारला मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालत होती, अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. २००५च्या ऑक्टोबरात काश्मीरला हादरा बसला तेव्हा शाळा भरलेल्या होत्या, आणि पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात तर शाळाच्या शाळा कोसळल्या. हे सांगितल्यावर गुरुजी गप्प बसले. पटलं असं नाही, गप्प बसले.

आता आमच्याकडच्या कवायतीची गंमत ऐका. वरून आदेश आला, आपत्ती व्यवस्थापनाचं प्रात्यक्षिक घ्या, फोटो पाठवा. साहेब स्वतः येणार. सोबत आलेल्या पत्रकात लिहिलेलं, मुलांनी बाकाखाली शिरावं, बाकाचा पाय धरून ठेवावा. आमची पहिली ते चौथी, मुलं बस्करपट्टीवर बसायची. बाक होतंच कुठे? मी विचारलं तर उत्तर मिळालं, बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोड काढता. शेवटी खालच्या हायस्कुलातून टेम्पोत घालून बाकं आणली. मुलं खाली शिरली, फोटो झाले, चहा झाला आणि बाकं संध्याकाळी परत गेली. पोरांना वाटलं, भूकंप यायचा असला की आधी टेम्पो येतो.

त्याच वर्गात एकुलत्या एका दाराला लागून लोखंडी कपाट उभं होतं. उंच, पुढच्या पायाखाली कौलाची खापरी सारून तोल सांभाळलेला, वर बंद पडलेला टीव्ही, पृथ्वीचा गोल आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. हादरा आला तर ते आडवं पडणार ते दारातच, म्हणजे बाहेर जायची वाट बंद. साहेबांना मी बोट करून दाखवलं. म्हणाले, कपाट बांधायला खर्चाचं हेड नाही. मग मी गावातल्या सुताराला बोलावलं, दोन पट्ट्या मारून कपाट भिंतीला आवळून घेतलं, वरचा टीव्ही खाली उतरवला. महिनाभराने मला खुलासा मागितला गेला, शासकीय इमारतीच्या भिंतीला विनापरवानगी भोकं का पाडली! तो कागद माझ्याकडे अजून आहे. कोणाला वाटत असेल की बाई विसरल्या असतील, तर नाही विसरल्या.

तर शिकवायचं काय? बाक नसेल तर भिंतीपासून, खिडकीपासून, कपाटापासून लांब सरकायचं, गुडघ्यावर खाली वाकायचं, दप्तर डोक्यावर आणि मानेवर घट्ट धरायचं. आणि मोठ्याने पाढे म्हणायचे. बे एके बे पासून सुरू करून. हादरा बहुतेक वेळा मिनिटाच्या आत थांबतो, तेवढ्यात बेचा आणि तीनचा होतो. पोरांच्या तोंडाला काम मिळतं, रडायला फुरसत मिळत नाही, आणि धुरळ्यात दिसलं नाही तरी कोण कुठे आहे ते आवाजावरून बाईंना कळतं. ही माझी युक्ती, कुठल्या पत्रकात सापडणार नाही.

थांबलं की बाहेर. पण बाहेर म्हणजे पडवीत नव्हे. कौलं घरंगळतात ती तिथेच. अंगणात पागोळ्यांनी मातीत जी रेघ पडलेली असते ती प्रत्येक पोराला माहीत असते, तिच्याही बरंच पलीकडे जायचं. माडाखाली नाही, गडग्याला टेकून नाही, विहिरीच्या काठावर नाही. आमच्याकडे प्रार्थनेची रांग नेमकी माडाखाली लागायची, ती जागा मी बदलून घेतली. त्यावरही बोलणी खाल्ली.

आणि मुलं विचारतील त्याला खोटं उत्तर देऊ नका. चिपळूणकडची पोरं हमखास विचारतात, कोयनेचं धरण फुटलं तर? १९६७ला धरणाला तडे गेले होते, मग ते भक्कम करून घेतलं, हे सांगायचं. कोयनेचं पात्र कराडकडे जातं, आपल्याकडे पोफळीला वीज करून बोगद्यातून सोडलेलं पाणी येतं, हेही नकाशावर दाखवायचं. कोळकेवाडीचं धरण मात्र आपल्याच बाजूला आहे, तेही लपवायचं नाही. शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले, असं म्हटलं की चौथीतलं पोरसुद्धा कान टवकारतं. पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी एवढं सांगितलं तरी त्या वयाला पुरे.

हो, एक राहिलं. मी लिहिलंय ते बस्करपट्टीच्या शाळेचं. तुमच्या मुलीच्या वर्गात मजबूत बाकं असतील तर बाकाखालीच जायचं, माझा राग फक्त भाड्याच्या बाकांवर आहे. स्लॅबची वरच्या मजल्यावरची खोली असेल तर हलत असताना जिन्याकडे पळायचं नाही. कौलारू बैठी शाळा आणि दार दोन पावलांवर असेल तर पहिल्या धक्क्यालाच बाहेर पडलेलं चालतं, पण हे दाराजवळच्या पोरांपुरतं, सगळा वर्ग दारात कोंबला की चेंगराचेंगरी. आणि दापोली म्हणजे समुद्र आलाच. कोयनेच्या हादऱ्याने लाटा येत नाहीत, तो जमिनीवरचा. पण २८ नोव्हेंबर १९४५ला आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. हर्णैच्या किनाऱ्यावर असताना खूप वेळ हललं किंवा समुद्र वेळ नसताना मागे हटला तर मासे वेचत बसायचं नाही, चढण धरायची. इशारा हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून येतो, पण पोरांनी त्याची वाट बघू नये.

शाळेत जाल तेव्हा मुख्याध्यापकांना कवायतीचं नंतर विचारा, आधी दाराजवळ काय उभं आहे ते बघा. खर्चाचं हेड नाही म्हणाले तर पट्ट्या तुम्हीच घेऊन जा, आणि परवानगी लेखी घ्या. सुताराला सांगा, स्क्रू नुसत्या गिलाव्यात नको, लांब घे, आत चिऱ्यात जाऊ दे.