नवीन घराच्या आतल्या भिंतींना चार इंची एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट) घेतोय. त्यांतून आवाज जाऊ नये म्हणून फोम लावावा का? खर्च किती येतो?

फोम लावू नका. थर्मोकोल तर मुळीच नको. फोमने खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी होतो, पलीकडे जाणारा थांबत नाही. शिवाय आग लागली तर त्याचा धूर जीवघेणा. आवाज अडवायला भिंतीत वजन लागतं आणि भिंतीला फट नको, एवढंच.

मी स्टाफ नर्स आहे, महिन्यातला बराच काळ नाईट. म्हणजे सगळं घर जागं असतं तेव्हा माझी रात्र. आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाच्या मागच्या भिंतीला पलीकडून स्वयंपाकघराचा ओटा होता. ओट्याचा कडप्पा भिंतीत खाच पाडून घुसवलेला. पलीकडे चटणी वाटायला घेतली की घरघर कानात नाही, थेट उशीत यायची. त्यामुळे साताऱ्यात स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या खोलीची स्वयंपाकघराकडची भिंत नऊ इंची, विटांची.

धाकटे दीर सिव्हिल इंजिनिअर, देखरेख त्यांचीच. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय स्टुडिओ बांधायचाय? घर म्हटलं की आवाज येणारच. आतल्या भिंतींना चार इंची एएसी ब्लॉक पुष्कळ झाले." मी म्हटलं, भाऊजी, नाईट करून तुम्ही येता का मी? सासूबाई त्यांच्याच बाजूने. जाऊ दे.

तुम्हीही चार इंची एएसी घेताय म्हणून सांगते. हा ब्लॉक बाहेरच्या भिंतीला उन्हासाठी छान, पण हलका. घनमीटरला साधारण 600 किलो, वीट त्याच्या जवळपास तिप्पट. भिंतीचं वजन दुप्पट झालं की साधारण 5 ते 6 डेसिबल जास्त अडतात, आणि 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. हे मी वाचून भाऊजींना ऐकवलं. नऊ इंची भिंत मिळाली.

पण खरी गंमत पुढे. भिंत झाली, प्लास्टर झालं, पीओपीच्या सीलिंगची पट्टी मारायला माणसं आली. मी सहज शिडीवर चढले तर भिंतीच्या डोक्यावर, स्लॅबच्या खाली, दीडेक इंच फट तशीच. पलीकडे गवंड्याने बल्ब लावला होता, त्याचा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघेत दिसत होता. सीलिंग झालं की दिसणार नाही, असं उत्तर मिळालं. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी 45 डेसिबल अडवणारी भिंत जेमतेम 20 अडवते. मी काम थांबवलं. फट मसाल्याने ठासून भरून घेतली, मग सीलिंग. तेव्हा जो अबोला झाला तो दिवाळीपर्यंत टिकला.

ओटाही मी भिंतीत घुसवू दिला नाही. उभ्या कडप्प्यांवर मोकळा ठेवला, मागची फट सिलिकॉनने भरली, मिक्सरखाली जाड रबर. स्विचबोर्डाचे डबे भिंतीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बसवू नका, मध्ये नुसती पोकळी उरते. संडासाचा पाईप झोपायच्या खोलीच्या भिंतीत नको. दार भरीव घ्या आणि खालच्या फटीला रबराची पट्टी लावा, नाहीतर भिंतीवरचा सगळा पैसा त्या फटीतून जातो.

एक राहिलं. आमची ही भिंत तळमजल्यावर, खाली पाया आहे. तुमची वरच्या मजल्यावर असेल आणि खाली बीम नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नऊ इंची उभी करू नका. तिथे पत्र्याच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), हे जमतं. आणि तुमच्याकडे रात्रपाळी, तान्हं बाळ, रियाज यातलं काहीच नसेल तर सगळ्या भिंतींना हा खटाटोप नको, एका खोलीला करा. खर्चाचं तुमच्या गावचा कंत्राटदारच सांगेल, दर सारखे बदलतात.

भाऊजी अजून म्हणतात, वहिनींचं खूळ. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की दुपारी लवंडायला मात्र माझ्याच खोलीत येतात.