कॉमेडी हील, गिमिक, ओव्हर: आजोबांना कळेल असं मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा टीव्हीवरचं अमेरिकन रेसलिंग बघतो, जेवताना आजोबांना सांगत होता की "डॅनहाउझन हा मूळचा इंडीवरचा कॉमेडी हील, पण त्याचं गिमिक जाम ओव्हर झालं आणि मग तो मोठ्या कंपनीत गेला", आणि आजोबा, ज्यांनी उमेदीच्या काळात कोल्हापूरच्या खासबागेत बसून कुस्त्या पाहिल्यात, ते म्हणाले यातला 'मूळचा' तेवढा कळला. तर या सगळ्याला मराठी शब्द आहेत का, आणि 'हील'ला 'खलनायक' म्हटलं तर चालेल का?

ताई, चालेल, पण मजा जाईल. सांगते का ते.

'हील' म्हणजे शब्दशः टाच. अमेरिकन बोलीत हलकट, नालायक माणसाला टाच म्हणायचे, तोच शब्द रेसलिंगवाल्यांनी उचलला आणि जो ठरवून वाईट वागतो, फसवून जिंकतो, लोकांच्या शिव्या खातो त्याला लावला. त्याच्या समोरचा चांगला तो बेबीफेस, नुसता फेस पण म्हणतात. मेक्सिकोत हेच रूडो आणि टेक्निको, म्हणजे एक आडदांड आणि दुसरा डावपेचवाला, आणि मला विचाराल तर ही जोडी जास्त छान आहे कारण त्यात कोण कसा लढतो ते आलं, नुसतं चांगला-वाईट नाही. आता आपला खलनायक. त्यात नायक बसलेला आहे, शब्दच भारदस्त, डोळ्यासमोर मिशा आणि खदाखदा हसणं येतं. नुसता 'खल' घ्या तर तो फार जुना आणि फार गंभीर. पसायदानातले खळ तेच. तिथे त्यांचा वाकडेपणा जावो अशी मागणी आहे, पण रेसलिंगच्या प्रेक्षकाला नेमका तो वाकडेपणाच हवा असतो, तो गेला तर तिकिटाचे पैसे वाया.

आणि मुळात भाच्याचा माणूस साधा हीलही नाही. डॅनहाउझन म्हणजे तोंडाला पांढरा-काळा-लाल रंग, काळा अंगरखा, एकूण अवतार भुताचा नाहीतर सैतानाचा, आणि तोंड उघडलं की असा काही लाडिक नाटकी आवाज की हसूच फुटतं. कोनन ओब्रायन म्हणून तिकडे बरीच वर्षं टीव्हीवर विनोदी मुलाखती घ्यायचा तो एक उंच माणूस आहे, त्याच्या अंगात भूत शिरलं तर कसं होईल तसं, असं त्याचं वर्णन करतात. स्वतःबद्दल 'मी' म्हणत नाही, 'डॅनहाउझनला हे हवंय, डॅनहाउझनला ते आवडत नाही'. (आपल्याकडे गावातला एखादा 'हा बाब्या कुणाच्या बापाला भीत नाय' म्हणतो ना, छाती ठोकून, तेच व्याकरण.) बरणीत दात घेऊन फिरतो आणि कुस्ती चालू असताना समोरच्याच्या तोंडात ते दात ओतून मग लाथ घालतो. बोटं वेडीवाकडी करून शाप देतो. इथे मी भाच्याला सुचवीन की 'शाप' नको, शाप ऋषी देतात, तेही दाढी असलेले. हा 'मूठ मारतो' म्हण, आजोबा लगेच हसतील. त्याचं पालुपद आहे की आपण फार छान आहोत आणि फार दुष्टही आहोत, एका दमात दोन्ही. मी बराच वेळ घोळवलं आणि मला 'फार गुणी, फार अवगुणी' सुचलं, कुणाला याहून बरं सुचलं तर सांगा.

तर अशा माणसाला काय म्हणायचं? मराठीत वाईटपणाचे इतके बारीक थर आहेत की खलनायकावर थांबणं म्हणजे आळस आहे. लबाड, बेरकी, चालू, आगाऊ, वांड, टारगट, खोडसाळ, बिलंदर. यातला प्रत्येक वेगळा. बेरकी माणूस शांत असतो, वांड पोरगं शांत बसूच शकत नाही. बिलंदर जवळ येतो पण त्याला प्रेक्षक लागत नाही, तो एकट्यातही बिलंदरच. माझं मत 'इरसाल'ला. मूळ अरबी शब्द, अर्थ पाठवणी. आपल्याकडे सरकारी खजिन्यात पाठवायच्या भरण्याला इरसाल म्हणत, आणि खजिन्यात जायचा पैसा पारखूनच जाणार, तेव्हा निवडक, अस्सल, आपल्या जातीतला अव्वल इथपर्यंत अर्थ सरकत गेला आणि मग कुठेतरी त्या अस्सलपणाला खोडी चिकटली असं मला वाटतं. आज इरसाल नमुना म्हटलं की माणूस वाईटच आहे, पण सांगणारा हसत सांगतोय. कॉमेडी हीलमध्ये दुसरं काय असतं?

आता गिमिक. यावर डोकं खाजवायची गरजच नाही, मराठी शब्द तयार बसलाय: सोंग. 'व्यक्तिरेखा' म्हणाल तर लेखकाने लिहिलेली वाटते, 'भूमिका' म्हणाल तर नाटक संपलं की उतरवायची. सोंग माणूस स्वतः काढतो, अंगावर घेतो, आणि कितीही वर्षं चालवतो. 'इरसाल सोंग' म्हणा, कॉमेडी हील गिमिक तीन इंग्रजी शब्दांचं काम दोनात. सोंगाला बोहाड्यातली, शिमग्यातली सोंगं पण येऊन चिकटतात, ते तर बरंच आहे. मी गुहागरकडची, आमच्याकडे शिमग्यात संकासुर यायचा, काळा पोशाख, उंच टोपी, पोरं किंचाळत पळायची आणि वळण संपलं की परत त्याच्याच मागे. दशावतारातला संकासुर पण वेद चोरणारा राक्षस, शेवटी विष्णूच्या हातून मरायचाच, पण तोवर लोकांना हसवून घेतो, गावातल्या चार जणांची टोपी उडवतो. डॅनहाउझनची पहिली क्लिप बघितली तेव्हा मला कुठला इंग्रजी भुताचा सिनेमा नाही आठवला, संकासुर आठवला. तो अमेरिकेतला, मिशिगनकडून आलेला गडी, त्याचा कोकणाशी काडीचा संबंध नाही हे मान्य. पण आजोबांना समजवायचंय ना.

गिमिकचा अजून एक अर्थ आहे जो भाच्याने सांगितला नसेल. रेसलर लोक हॉलच्या दारापाशी टेबल लावून स्वतःचे टी-शर्ट, फोटो विकतात, त्या टेबलालाही 'गिमिक टेबल' म्हणतात आणि त्यावरच्या मालालाही गिमिक. सोंगही गिमिक आणि सोंगावर विकलेला शर्टही गिमिक. छोट्या शोमध्ये मिळणारे पैसे बेताचे, त्यामुळे बऱ्याच जणांचं घर या टेबलावर चालतं. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. आणि गंमत म्हणजे डॅनहाउझनच्या सोंगातच पैसा आहे, तो सगळ्यांकडे 'मानवांचे पैसे' मागत फिरतो, त्याला पैसा कळतो पण तो आपल्या जातीचा नाही अशा थाटात, आणि लोक हसत हसत खरोखरचे पैसे देऊन त्याचे शर्ट घेतात.

'इंडी'ला स्वतंत्र म्हणू नका, स्वतंत्र म्हटलं की १५ ऑगस्ट आठवतो. इंडी म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीशी करार नसलेला, आज या गावात उद्या त्या गावात, शाळेच्या जिममध्ये नाहीतर एखाद्या हॉलमध्ये, मिळेल तो शो करणारा. तमाशावाले, ऑर्केस्ट्रावाले, नाटकवाले अशा ठरलेल्या कामाला 'सुपारी' म्हणतात. सुपारीवर फिरणारा. (मुंबईकरांनी दचकू नये.) या सुपारीच्या धंद्याला तिकडे बळ आलं ते २००१ नंतर, त्या वर्षी डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या दोन्ही रेसलिंग कंपन्या बुडाल्या, मैदानात एकच मोठी कंपनी उरली आणि बाकीच्यांनी छोटे छोटे फड उभे केले. २००२ ला सुरू झालेली रिंग ऑफ ऑनर ही त्यातली नावाजलेली. डॅनहाउझन सुपारीवर फिरत फिरत तिथे पोचला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीनेच जाहीर केलं की वर्षअखेर दुकान काही काळ बंद आणि सगळ्यांचे करार संपले, आणि त्याच सुमारास एका शोमध्ये ह्याचा पाय मोडला. म्हणजे करार नाही आणि कुस्तीही खेळता येत नाही. आणि तरी २६ जानेवारी २०२२ ला क्लीव्हलँडमध्ये एईडब्ल्यूच्या, म्हणजे भाच्याच्या त्या मोठ्या कंपनीच्या, शोमध्ये ॲडम कोल आणि ऑरेंज कॅसिडी या दोन रेसलरांची हाणामारी चालू असताना हा रिंगच्या खालून निघाला, कोलवर मूठ मारली, आणि हॉल नुसता उसळला. पाय अजून बरा व्हायचा होता, कुस्ती खेळलाच नाही. फक्त सोंग आलं.

'ओव्हर होणे' म्हणजे हेच, आणि याला मराठीत शब्द आहे 'वठणे'. सोंग वठलं. 'गाजलं', 'हिट झालं' यात नुसती प्रसिद्धी आली, वठण्यात ते बघणाऱ्यांनी खरं मानलं हे येतं.

पण वठल्यावर एक पंचाईत होते, लोकांना तो आवडायला लागतो. लोक शिव्या देईनात तर हील कसला? १९४० च्या दशकात गॉर्जियस जॉर्ज म्हणून झाला, सोनेरी कुरळे केस, झगा, पुढे नोकर अत्तर फवारत यायचा, लोक त्याला हरताना बघायलाच तिकीट काढायचे, १९५९ मध्ये टोरांटोत तो पैजेत हरून त्याचे केस भादरले तो मोठा सोहळा झाला. त्याचा आगाऊपणा बघून मुहम्मद अलीनेही बडबडीचा धडा घेतला. जॉर्जला लोक शिव्या द्यायचे, तो हील राहिला. डॅनहाउझनला कुणी शिव्या देईना. मग कंपनीने काय केलं, हुक नावाचा एक घुमा, कधी न हसणारा तरुण मल्ल होता, ह्याची मूठ त्याच्यावर चालेना, हा त्याला चिप्सची पाकिटं देऊन लाडीगोडी लावायला लागला, आणि शेवटी मे २०२२ मध्ये लास वेगासला दोघं जोडीने लढून जिंकले. बाजू बदलण्याला ते 'टर्न' म्हणतात, आपण पलटी मारली म्हणू, पण ह्याने पलटी मारलीच नाही, तो होता तसाच दुष्ट राहिला, लोकच सरकले. म्हणून पण इरसाल बरा. खलनायकाला नायक व्हायला बदलावं लागतं, इरसाल माणूस कुठल्याही बाजूला इरसालच असतो.

अजून एक शब्द जाता जाता, भाचा वापरेलच. ठरवून हरण्याला 'जॉब करणे' म्हणतात. आपल्याकडे 'पडतं घेणे', आखाड्यातून उचलल्यासारखा शब्द. एईडब्ल्यूतल्या पहिल्याच एकेरी कुस्तीत टोनी नीस नावाच्या रेसलरपुढे ह्याने मिनिटभराच्या आत पडतं घेतलं. शिव्या पडल्या त्या नीसला.

तर आजोबांसाठी वाक्य असं करा: 'डॅनहाउझन हा आधी सुपारीवर फिरायचा, त्याचं सोंग इरसाल, ते जाम वठलं, म्हणून मोठ्या फडाने उचलला.' पैलवान शब्द मी मुद्दाम टाळलाय, खासबागेत बसलेल्या माणसासमोर तो जपून वापरावा. यावर आजोबा एकच प्रश्न विचारतील, की म्हणजे नुरा कुस्ती, आधीच ठरवून खेळलेली, ना? तेव्हा भाचा 'केफेब' म्हणून काहीतरी सांगायला लागेल, धंद्यातलं गुपित बाहेरच्याला न सांगायची त्यांची पद्धत. त्याला म्हणावं आजोबांना सांग, झाकली मूठ सव्वा लाखाची.