कशाचं रोमनायझेशन, ते आधी बघा

तुमचा गोंधळ असा की भाषेच्या पुस्तकात रोमनायझेशन म्हणजे लिपी बदलणं आणि इतिहासाच्या पुस्तकात तोच शब्द ब्रिटन नि गॉल (साधारण आजचा फ्रान्स) बद्दल येतो, मग खरा अर्थ कुठला. अहो दोन्ही खरे. शब्दाच्या आजूबाजूला प्रांत किंवा माणसं असतील तर रोमन साम्राज्याची भाषा, कायदा, राहणी तिथे मुरली असं म्हणायचंय, आणि भाषा किंवा नाव असेल तर ते रोमन अक्षरांत लिहिलंय. इतिहासवाल्या अर्थावर हल्ली बरेच अभ्यासक नाक मुरडतात, रोमने दिलं आणि बाकीच्यांनी मुकाट घेतलं असा सूर त्यात लागतो म्हणून, आणि मला ते पटतं. मी स्वतः इतिहासवाल्या अर्थाला रोमनीकरण आणि लिपीवाल्याला रोमन लिप्यंतर म्हणतो, घोळ होत नाही.

खरी गंमत लिपीत आहे. जपानमधला फुजी डोंगर घ्या, जपानी रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतींपैकी हेपबर्न पद्धतीत तो एफ-यू-जे-आय आणि कुनरेई पद्धतीत एच-यू-झेड-आय! चुकीचं कुणीच नाही, हेपबर्न इंग्रजी वाचणाऱ्याच्या जिभेची सोय बघते आणि कुनरेई जपानी अक्षरांची रांग (आपल्या बाराखडीसारखी) सांभाळते, म्हणजे एक उच्चाराच्या मागे, दुसरी लेखनाच्या. कुठलंही रोमनायझेशन दिसलं की आधी हेच विचारा, कुणाच्या सोयीचं आहे?

आपल्याकडे तर मजाच. कला, कळा, काळा, काला, चारही शब्द चॅटवर के-ए-एल-ए असेच टाइप होतात आणि आपण संदर्भाने बरोबर वाचतो, पण संगणकाला किंवा परक्या माणसाला ते परत देवनागरीत आणायला सांगा, बसेल डोकं धरून. म्हणून आयएसओ १५९१९ सारखी पद्धत, भारतीय लिप्या रोमन अक्षरांत लिहायचं आंतरराष्ट्रीय मानक, २००१ चं, त्यात आ ला ए वर आडवी रेघ आणि ळ ला एल खाली टिंब, रोज टाइप करायला वैताग पण उलटं येताना अक्षर हरवत नाही.

आणि हो, रोमन लिपीत लिहिलं म्हणजे इंग्रजी झालं असं काही जण म्हणतात ते सोडून द्या. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूंचं क्रिस्तपुराण हे काव्य १६१६ मध्ये छापलं ते रोमन लिपीतच, भाषा मराठी, ओव्यासुद्धा.

रोमँटिसायझेशन हा वेगळाच शब्द, एखाद्या गोष्टीला उगाच गोडगुलाबी करणं, त्याचा रोमन लिपीशी काही संबंध नाही, घाईत वाचताना मीही एकदा फसलोय.