घरात लग्नाच्या वगैरे सहा व्हीएचएस कॅसेट आहेत. दुकानदार कॅसेटमागे ५०० रुपये सांगतोय. त्याला द्याव्यात की घरीच डिजिटल करता येतील? आणि नंतर मूळ कॅसेट टाकून दिल्या तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, चालणार नाही. एकही टाकू नका. एखादीवर 'मॅच' लिहिलेलं असेल तर ती मुळीच नाही.

माझं लग्न मे १९९३ चं, दापोलीजवळच्या आमच्या गावातलं. शूटिंगवाल्याने दोन रॉ, म्हणजे काटछाट न केलेल्या, कॅसेट आणि एक एडिट केलेली दिली. एडिट केलेली कशी असायची ते त्या काळात लग्न झालेल्यांना सांगायला नको. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, कोपऱ्यातून येणारी गुलाबाची फुलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वरून सिनेमाची गाणी. मूळ आवाज साफ गेलेला. घाणा भरताना आमच्या आजीने गाणी म्हटली होती. त्या कॅसेटमध्ये आजीचे नुसते ओठ हलतात आणि आवाज येतो मुंबईच्या गायिकेचा.

म्हणून मी रॉ कॅसेट जपल्या. कॅसेटच्या पाठीवर डाव्या बाजूला एक प्लॅस्टिकची टिकली असते, ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. सासरी जायच्या आधी दोन्ही कॅसेटच्या टिकल्या मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने मोडल्या. कॅसेट राहिल्या माहेरी, कारण व्हीसीआर तिथे होता.

९ मार्च १९९६. बंगळुरूची भारत-पाकिस्तान क्वार्टर फायनल. दादाला कोरी कॅसेट मिळेना. टिकलीच्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की व्हीसीआर फसतो, ही विद्या तेव्हा गावात पोराटोरांनाही होती. दादाने माझ्या पहिल्या रॉ कॅसेटवर पाकिस्तानची बॅटिंग टेप केली.

त्याचं म्हणणं, कॅसेट रिकामी होती. माझं म्हणणं, रिकाम्या कॅसेटला सेलोटेप लावावी लागत नाही. हा वाद गेली पंचवीस-तीस वर्षं दर गणपतीत होतो. सेलोटेप वहिनीने लावली असेल असंही मध्यंतरी एकदा निघालं होतं. दादाचं लग्न १९९७ चं.

आजी १९९८ मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

२००९ मध्ये दादाने सगळ्या कॅसेट एका दुकानात दिल्या. दुकानदाराचा फोन आला, 'एकीत मॅच आहे, करायची का?' दादा म्हणाला, राहू दे. एडिट केलेल्या कॅसेटची डीव्हीडी आली, तीही चौकोनी चित्र रुंद पडद्याएवढं ताणून. सगळं वऱ्हाड आडवं सुटलेलं. मी नेसलेल्या शालूसकट दोन मणांची दिसते. काही वर्षांनी ती डीव्हीडी अर्ध्यात अडकायला लागली. त्या मधल्या काळात दादा म्हणत होता, 'डीव्हीडी झाली ना, आता ती अडगळ कशाला?' मी कॅसेट पिशवीत घालून डोंबिवलीला आणल्या.

चार वर्षांपूर्वी भाच्याला हाताशी धरून घरीच केलं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, संगणक येतो तो बिलं भरण्यापुरता. मला जमलं म्हणजे तुम्हाला जमेल. अडचण एकच, व्हीसीआर. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे मिळेल तो जुनाच. जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा, त्याच्या माळ्यावर असतो. मला साडेचार हजारांना मिळाला, टेप वाचणारं हेड साफ करून. शिवाय यूएसबीचं कॅप्चर डोंगल, व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. संगणकावर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. चित्र ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनी ठेवा, ताणू नका. एमपी४ केली तर तासाला तीन-चार जीबी धरा.

पण आधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. रिळाच्या कडेवर पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. तशीच घातलीत तर हेड चोंदेल आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागेल. कोकणातल्या पावसाळ्यांनी माझ्या तिन्हींना धरली होती. दुरुस्तीवाल्याने झाकण काढलेल्या एका भंगार व्हीसीआरमध्ये रीळ पळवत, चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसून दिली. तोंडाला रुमाल बांधून.

मॅचची कॅसेट शेवटी लावली. आमिर सोहेलने चौकार मारून व्यंकटेश प्रसादला बॅट दाखवली, पुढच्याच चेंडूवर दांडी गुल. भाचा ओरडला, मी भाजी निवडत होते. पुढे तासाभराने एका ओव्हरच्या मधेच चित्र गेलं आणि पडदा निळा झाला. दापोलीचे लाइट गेले असणार. भाचा रेकॉर्डिंग बंद करायला उठला. मी म्हटलं, असू दे चालू.

दोन-चार सेकंद निळं. मग मुंग्या. मग आमचं अंगण.

हळकुंडं, मुसळांना बांधलेली आंब्याची पानं, आणि मध्ये आजी. गाणं म्हणता म्हणता थांबते, डोळ्यांवर हात धरते आणि हॅलोजनवाल्या पोराला म्हणते, 'अरे मेल्या, तो दिवा तिकडे कर, माझे डोळे गेले.' बायका हसतात. आजी खाकरते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरते. अकरा मिनिटं. बांगड्या भरण्याचा कार्यक्रम मात्र मॅचखाली गेला, त्यात आई होती.

तेव्हा दुकानात द्यायचं असेल तर लिहून द्या: निळा पडदा आला तरी थांबवायचं नाही, शेवटपर्यंत चालवायचं, आणि लेबलवर जायचं नाही. स्वस्तातली काही डोंगलं निळ्या पडद्यावर आपोआप बंद पडू शकतात, म्हणून घरी करतानाही समोर बसा.

५०० बद्दल राहिलंच. सहा कॅसेटचे तीन हजार, म्हणजे माझ्या व्हीसीआरपेक्षा कमी. दुकानदार तुमच्यासमोर चालवून दाखवत असेल तर द्या बापडे. बुरशी जास्त असेल किंवा रीळ तुटली असेल तर घरी प्रयोग करू नका. अमेरिकेच्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची असेल, ती आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नाही. लहान मिनीडीव्ही कॅसेटचं तंत्र वेगळं, त्या आधीच डिजिटल असतात, त्यांना मिनीडीव्हीचाच कॅमेरा आणि तो संगणकाला जोडणारी फायरवायर ही केबल लागते. आणि फाइलच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.

माझी दुसरी प्रत दादाकडे ठेवायची असं ठरलं होतं. आजीची अकरा मिनिटं त्याला पाठवली. संध्याकाळी फोन आला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मॅचची पण पाठव ना.'

अजून पाठवलेली नाही.