बँड टी-शर्ट जमवायला लागलायस? मग हे वाच

आधी एक सांगतो, दिसला मेटॅलिका की घेतला असं करू नकोस, जे बँड खरंच ऐकतोस त्यांचेच घे, नाहीतर कपाट भरतं आणि घालतोस तेच दोन. फॅशन स्ट्रीटवरचा एडीचा, म्हणजे आयर्न मेडन बँडच्या त्या भुतासारख्या मॅस्कॉटचा, टी-शर्ट बिनधास्त घे (मलाही आवडतात ते), फक्त तो डुप्लिकेट आहे हे धरूनच घासाघीस कर, "इम्पोर्टेड आहे भाऊ" ऐकून खिसा रिकामा नको. आणि साइज, लेबलवरचा एल बघून फसतात सगळे, घरचा नीट बसणारा टी-शर्ट आडवा ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोज आणि तो आकडा लक्षात ठेव.

बाकी सांभाळणं:
- उलटा करून गार पाण्यात धू, वाळवायचा सावलीत, गच्चीवरच्या उन्हात काळा रंग विटतो.
- प्रिंटवर इस्त्री अजिबात नाही! रबरी प्रिंट असेल तर वितळून इस्त्रीलाच चिकटते. इस्त्रीवाल्यालाही बजावून ठेव.
- हँगर नको, गळा लोंबतो, घडी घाल.
- पावसाळ्यात दमट टी-शर्ट कपाटात कोंबलास तर बुरशीचे डाग पडतात, ते जाता जात नाहीत.

सिंगल स्टिच (जुन्या टी-शर्टच्या बाहीवरची एकेरी शिलाई), जुने टॅग, व्हिंटेजच्या किमती ही भानगड आत्ता डोक्यात घेऊच नकोस. पहिला कुठला घेतोयस ते सांग.