काटा वर गेला म्हणून डाएट सोडू नका

ताई, आठ दिवसांत वजन हललं नाही म्हणून सगळं सोडायला निघालात? थांबा. सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी पाळा, बाकीचं नंतर बघू.

काटा एकच ठेवा. आज किराणा दुकानातला, उद्या उपकेंद्रातला, असं केलं की आकडे जुळतच नाहीत. काटा फरशीवर ठेवा, सारवलेल्या जमिनीवर तो नीट बसत नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा.

आता मुख्य गोष्ट. महाप्रसादात रोडगे अन् वांग्याची भाजी पोटभर खाल्ली की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नव्हे. मीठ जास्त गेलं की अंगात पाणी थांबतं, पोटातल्या अन्नाचंही वजन असतं. पाळीच्या आधीही असंच होतं. काही दिवसांत उतरतं. म्हणून रोजच्या आकड्यावर मन लावू नका. आठवड्याची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी छान चाललंय!

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- काटा वर गेला की जेवणच बंद करणं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मुळीच नको, चक्कर येईल.
- भाकरी मोजायच्या, पण भाजीवरची तर्री विसरायची.
- जावेच्या आकड्याशी बरोबरी.

शुगर-बीपीची गोळी सुरू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. महिनाभराचे आकडे झाले की मला दाखवा, मग ताटात काय बदलायचं ते ठरवू.