180 दिवस मोजायचे ते बिल्टीच्या तारखेपासून

विट्याच्या एका पोकलेन मालकांचं पत्र आलं. 20 टनी मशीन चिपळूणकडच्या रस्त्याच्या कामावर पाठवायचं म्हणून यंदा 5 फेब्रुवारीला त्यांनी लोबेड (बुटक्या पाट्याचा) ट्रेलर बुक केला आणि त्याच दिवशी बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची वाहतूकदाराची पावती, फाडली. ट्रेलर 7 तारखेला निघाला. 8 ला पहाटे हेळवाकच्या पुढे वळणावर मशीन घसरून खाली गेलं, बूम वाकली, केबिन चेपली. 21 मार्चला वर्कशॉपचं एस्टिमेट आलं, 11 लाखांचं. ट्रान्सपोर्टवाले तेव्हापासून ‘इन्शुरन्समधून बघू, दादा’ म्हणताहेत. पत्राची तीन पानं मशीन बांधायला चेन किती होत्या, ट्रॅकखाली ठोकळे लावले होते का, ड्रायव्हरला झोप लागली होती का, यावर आहेत. शेवटच्या ओळीत विचारलंय, ‘दाव्याला तीन वर्षं मुदत असते ना?’

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन करून मुख्य गोष्ट सांगितली. इथे लिहितोय कारण असं पत्र त्यांचं एकट्याचं नाही. कुणाचा रोड रोलर, कुणाच्या क्रशरचा जबडा, कुणाचा बॅचिंग प्लांटचा सायलो. चूक मात्र तीच.

आता थेट पत्र लिहिणाऱ्या मालकांशी बोलतो. चेनचा विषय सोडा. रस्ता वाहतूक अधिनियम, 2007 च्या कलम 12 नुसार वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही. तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार, हे कलम 16 ठरवणार आहे. माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बजावलेली नसेल, तर त्याच्याविरुद्ध दावा किंवा दुसरी कोणतीही कायदेशीर कार्यवाही करता येत नाही. तीन वर्षांची मुदत खरी आहे, पण ती कोर्टातल्या दाव्याची. नोटीस नसेल तर ती तीन वर्षं काहीही कामाची नाहीत.

आणि मोजणी बुकिंगपासून. मशीन पडलं त्या दिवसापासून नाही, एस्टिमेट आलं त्या दिवसापासून तर नाहीच. 1865 च्या जुन्या कायद्यात सहा महिने नुकसान कळल्यापासून मोजत. तो कायदा 1 मार्च 2011 ला गेला, तरी जुने मुनीम आणि काही वकीलसुद्धा अजून तोच हिशेब सांगतात. 21 मार्चपासून मोजलं तर सप्टेंबर येतो. 5 फेब्रुवारीपासून मोजलं की 180 वा दिवस 4 ऑगस्टला येतो. तुमचं पत्र जुलैच्या मध्यात आलं. पाच महिने तुम्ही फोन करत राहिलात आणि एक कागद लिहिला नाहीत, याचा मला राग येतो, कारण समोरचे ‘बघू’ म्हणतात तेव्हा दिवस तुमचेच जात असतात.

व्हॉट्सअॅपवर ‘मशीनचं काय करताय’ असे मेसेज आहेत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते जपून ठेवा, पण त्यांनाच नोटीस समजू नका. कोर्ट मानेल, नाही मानेल. कागद पाठवायला वेळ असताना ती जोखीम कशाला घ्यायची?

बाकीच्या गोष्टींवर मी इतकं ठाम बोलणार नाही. बिल्टीच्या मागे ‘माल मालकाच्या जोखमीवर’ छापलंय म्हणून तुम्ही घाबरलात. तेवढ्या ओळीने वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं आहे, तेही जुन्या कायद्याखाली. खरी अडचण रकमेची आहे. जास्त जोखमीचा दर लेखी कबूल केलेला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे भरपाईला भाड्याच्या दहा पटींची मर्यादा येते. तुमचं भाडं 42,000, म्हणजे 4,20,000. मशीनची किंमत फॉरवर्डिंग नोटवर (माल देताना आपण भरून द्यायच्या कागदावर) लिहून थोडं जास्त भाडं दिलं असतं, तर हा प्रश्न आलाच नसता. तुमच्याकडून अशी नोट भरूनच घेतली नव्हती, या मुद्द्यावर भांडता येईल. पण 11 लाख नक्की मिळतील असं मी म्हणणार नाही. समोरचे कदाचित आपण सार्वजनिक वाहतूकदार (कुणाचाही माल नेणारे, ज्यांना हा कायदा लागतो) नाहीच, एकच ट्रेलर भाड्याने दिला होता, असंही म्हणतील. तसं ठरलं तर करार कायद्यातल्या निक्षेपाच्या (दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलेल्या वस्तूच्या) तरतुदींवर जावं लागेल. नोटीस दोन्ही वाटांवर उपयोगी पडते.

तुमच्या भावाने पोचपावतीवर काही शेरा न मारता ‘माल मिळाला’ म्हणून सही केली, हे वाईट झालं. पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल आणि क्रेनवाल्याचं बिल त्यावर उतारा ठरू शकतं, दोन्ही लगेच मिळवा.

रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने हा व्यापारी वाद होतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो अर्ज म्हणजे कलम 16 ची नोटीस नव्हे. त्यानंतर दावा, कैफियत, तारखा. सांगलीत काय किंवा कुठे काय, निकालाला वर्षं लागतात हे मी रोज बघतो, आणि हप्ते चालू असलेल्या माणसाला ‘कोर्टाचं बघा’ म्हणताना मला स्वतःला लाज वाटते. म्हणून मशीन पुरावा म्हणून उघड्यावर गंजत ठेवू नका. सर्व्हेअरकडून फोटोसह अहवाल घ्या, ट्रान्सपोर्टवाल्यांना पाहणीसाठी सात दिवस द्या आणि दुरुस्ती सुरू करा. नुकसान वाढू दिलंत, तर वाढलेला भाग तुमच्याच अंगावर येईल.

नोटीस बिल्टी ज्यांच्या नावाने आहे त्यांना, आणि ट्रेलरचा मालक वेगळा असेल तर त्यालाही. बिल्टी नंबर, बुकिंगची तारीख, ट्रेलर नंबर, मशीनचा सीरियल नंबर, काय मोडलं, किती रक्कम, एवढं हवं. भाषा वकिली नसली तरी चालेल, सही मात्र हवी. एक प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, दुसरी बुकिंग ऑफिसात माणूस पाठवून शिक्का-सही घेऊन द्या. शिक्का देत नसतील तर त्या माणसाने तिथल्या तिथे तारीख-वेळ लिहून ठेवावी. 4 ऑगस्टची वाट बघू नका; कायदा ‘पाठवली’ म्हणत नाही, ‘बजावली’ म्हणतो, आणि पोस्टात चार दिवस सहज जातात.